मामांनी काय घातलं होतं?

आमच्या सायकल ग्रुपची जर्सी काळी आणि गडद जांभळी आहे. हे रंग मी निवडले. ग्रुपमध्ये आम्ही बहुतेक जणी पंचेचाळिशीच्या पुढच्या, कॉलेज सुटल्यानंतर पहिल्यांदाच सायकलवर बसलेल्या. अंगाला चिकटणाऱ्या कपड्यांचा संकोच प्रत्येकीच्या मनात होता आणि काळ्या रंगात आपण बारीक दिसतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. शिवाय चेनचं ग्रीस लागलं तरी लपतं, घामाचे डाग दिसत नाहीत. जर्सी छापून देणाऱ्याने नमुना पाठवताना विचारलं होतं, "ताई, पाठीवर रेडियमची पट्टी टाकू का? नगामागे थोडे वाढतील." मी नको म्हटलं. पट्टीमुळे पाठीवरचं ग्रुपचं नाव झाकलं गेलं असतं.

त्या जर्सी घालून आम्ही पहाटे पावणेसहाला राजाराम पुलापाशी जमायचो आणि सिंहगड रस्त्याने खडकवासल्यापर्यंत जाऊन यायचो. डिसेंबरात पुण्यात सूर्य सातच्या आसपास उगवतो. म्हणजे जातानाचा सगळा रस्ता आम्ही अंधारात कापत होतो. त्या वेळी त्या रस्त्यावर दुधाचे टेम्पो असतात, मार्केट यार्डाकडे भाजी घेऊन निघालेले पिकअप असतात, कंपन्यांच्या बसेस असतात, आणि रात्रभर गाडी चालवून डोळे चुरचुरत असलेले ड्रायव्हर असतात. नांदेड फाट्याच्या अलीकडे एका टेम्पोचा आरसा आमच्यातल्या एकीच्या हँडलला लागला. ती पडली, गुडघा फुटला, त्याहून जास्त काही झालं नाही. टेम्पोवाला पळून गेला नाही, थांबला. खाली उतरून म्हणाला, "ताई, खरंच दिसल्या नाहीत हो."

मी त्याच्यावर जोरात ओरडले. आठ बायका ओळीने चालल्यात आणि तुला दिसत नाहीत? त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो खोटं बोलत नव्हता, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेले. निऑन पिवळं जॅकेट घेतलं, सगळ्यांना घ्यायला लावलं, आणि ज्या घेणार नाहीत त्यांनी पहाटेच्या राइडला येऊ नये असा नियमच केला. जॅकेट अंगात असलं की एक वेगळीच छाती येते. मी डाव्या कडेची खड्ड्यांची पट्टी सोडून रस्त्याच्या आत चालवू लागले, तेवढं योग्यच होतं. पण त्याच धिटाईने सिग्नलला उभ्या असलेल्या डंपरच्या डाव्या बाजूने पुढे घुसायलाही लागले. एकदा धायरी फाट्याला डंपर डावीकडे वळायला लागला आणि त्याचं मागचं चाक माझ्याकडे सरकत आलं, तेव्हा मी सायकल टाकून फूटपाथवर उडी मारली. ड्रायव्हरच्या केबिनमधून ती जागा दिसतच नाही. तिथे पिवळं घातलं काय आणि काळं घातलं काय. जो आपल्याकडे बघूच शकत नाही त्याला रंगाचा काय उपयोग, एवढा साधा विचार त्या जॅकेटने माझ्या डोक्यातून पुसून टाकला होता.

आणि पहाटेच्या अंधारातही ते जॅकेट मला वाटत होतं तेवढं काम करतच नव्हतं. हे मला आमच्याच पार्किंगमध्ये समजलं. ग्रुपमधल्या एकीने आम्हा सगळ्यांचा मागून फोटो काढला होता, पहाटेचा, पिवळ्या दिव्यांखाली. फोटोत जॅकेटं मळक्या पांढऱ्या रंगाची दिसत होती. मला वाटलं मोबाइलचा दोष. तरी त्या रात्री जॅकेट हँगरला लावून पार्किंगच्या टोकाच्या पाइपवर अडकवलं, नवऱ्याला स्कूटर सुरू करून खालचा दिवा लावायला सांगितलं आणि गेटपाशी त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिले. जॅकेट दिसत होतं, पण दोरीवर वाळत घातलेला कोणताही फिका कपडा दिसावा तेवढंच. चकाकत होत्या त्या फक्त त्याच्यावरच्या दोन चंदेरी पट्ट्या. मग नवरा म्हणाला, "तुझी सॅक घालून बघू." त्याने जॅकेट चढवलं, पाठीवर माझी रोजची सॅक घेतली, वळून उभा राहिला. पट्ट्या गेल्या. खांद्याजवळ दोन बोटांएवढा एक तुकडा लुकलुकत होता, बस्स. इतके महिने मी पैसे मोजून घेतलेल्या पट्ट्या सॅकखाली झाकून हिंडत होते.

निऑन रंगामागचं शास्त्र मी नंतर समजून घेतलं. उन्हात जे अतिनील किरण असतात, जे आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, ते हा रंग शोषतो आणि दिसणाऱ्या प्रकाशात बदलून बाहेर टाकतो. म्हणून दुपारी, ढगाळ हवेत, संध्याकाळच्या संधिप्रकाशात तो डोळ्यांत भरतो. रस्त्यावरच्या सोडियमच्या दिव्यांत आणि गाडीच्या हेडलाइटमध्ये हे किरण जवळजवळ नसतातच, त्यामुळे रात्री त्या रंगाची जादू संपते. रेडियमच्या पट्टीचं काम निराळं. तिच्यात काचेचे बारीक मणी किंवा तसेच सूक्ष्म लोलक असतात. उजेड ज्या दिशेने आला त्याच दिशेला ती तो परत धाडते, म्हणजे थेट ड्रायव्हरच्या डोळ्यांत. एक दिवसाची वस्तू आहे, दुसरी रात्रीची. मी दिवसाची वस्तू रात्री वापरत होते आणि रात्रीची झाकून ठेवत होते.

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीत जोअॅन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद रस्त्यावर रात्री हीच गोष्ट तपासली. गाडी चालवणाऱ्यांना सांगितलं होतं की सायकलस्वार दिसला की कळवा. २०१० साली छापून आलेल्या त्यांच्या निष्कर्षांत काळ्या कपड्यांतला सायकलस्वार ओळखला गेला तो जेमतेम २ टक्के वेळा. निऑन जॅकेटातला १५ टक्के. परावर्तक जॅकेटातला ५० टक्के. आणि त्याच परावर्तक जॅकेटाबरोबर घोट्यांना आणि गुडघ्यांना पट्ट्या बांधल्या तेव्हा ९० टक्के. शेवटच्या दोन आकड्यांमधलं अंतर मी पुन्हा पुन्हा वाचलं. घोटा केवढासा, पट्टी केवढीशी. पण पेडल मारताना घोटा वर-खाली फिरतो आणि माणसाच्या हालचालीची ती लय आपला मेंदू झटकन ओळखतो. गुन्नर योहान्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९७३ साली अंधारात चालणाऱ्या माणसांच्या सांध्यांवर फक्त ठिपक्यांएवढे दिवे लावून हे दाखवून दिलं होतं. बघणाऱ्यांना ठिपक्यांतून क्षणात चालता माणूस दिसला. पाठीवरची पट्टी ड्रायव्हरला सांगते की पुढे काहीतरी आहे. ते बॅरिकेड असू शकतं, कचऱ्याचा डबा असू शकतो. घोट्याची पट्टी सांगते की पुढे कोणीतरी पेडल मारतंय.

आम्ही पार्किंगमध्ये हेही करून पाहिलं. नवऱ्याने सायकल स्टँडवर लावून पेडल मारलं, मी त्याच्या घोट्यांना स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली पट्टी गुंडाळली होती. गेटपासून दोन ठिणग्या आळीपाळीने वर-खाली होताना दिसल्या आणि मला त्या टेम्पोवाल्याचा चेहरा आठवला.

इथपर्यंतच्या चुका माझ्या अज्ञानाच्या होत्या. पुढची तशी नाही.

आमच्या सोसायटीत रात्रपाळीला एक वॉचमन मामा होते. मूळचे लातूरकडचे, धायरीत भाड्याच्या खोलीत राहायचे. संध्याकाळी सात ते सकाळी सात ड्यूटी आणि जायला-यायला काळी, दांडीची जुनी सायकल. थंडीत तपकिरी स्वेटर आणि माकडटोपी. जॅकेटचं वेड डोक्यात शिरलं तेव्हापासून मी त्यांना गेटवर टोकायला लागले. "मामा, हे असलं घालून रस्त्यावर कसे जाता? उठून दिसायला पाहिजे माणूस." ते हसून मान हलवायचे. माझ्या जॅकेटची किंमत त्यांच्या तीन-चार दिवसांच्या पगाराएवढी होती. मी त्यांना उपदेश केला, पण पट्टीचा साधा एक तुकडा कधी आणून दिला नाही.

फेब्रुवारी संपत आला होता तेव्हा एका सकाळी घरी जाताना त्यांना मागून पिकअपने उडवलं. मांडीचं हाड मोडलं, खांदा निखळला. सोसायटीच्या सेक्रेटरींबरोबर मी दवाखान्यात गेले. बाहेरच्या बाकड्यावर मामांचा भाऊ बसला होता, आणि थोडं बाजूला पिकअपचा मालक उभा होता. वातावरण अवघडलेलं. कोणी काही बोलेना, तेव्हा मी बोलले. "किती वेळा सांगितलं होतं मी त्यांना. असे काळपट कपडे, सायकलला लाईट नाही. अंधारात दिसणार कसं कोणाला?"

मालकाने मान वर केली. "बघा," तो भावाला म्हणाला, "तुमच्या सोसायटीच्या मॅडमच म्हणतायत."

माझं ते वाक्य त्याने हातात धरून ठेवलं. पुढच्या दोन-तीन दिवसांत जी बोलणी झाली त्यात ते पुन्हा पुन्हा बाहेर काढलं गेलं, हे मला भावाने नंतर सांगितलं. आमचीही चूक नाही असं नाही, सायकलवाल्याचीही चूक आहे, दोघं समजून घेऊ. ऑपरेशनचा निम्मासुद्धा खर्च निघणार नाही एवढ्या रकमेवर स्टँप पेपर झाला. भाऊ मजुरी करणारा, पोलिस ठाण्याच्या आणि कोर्टाच्या वाऱ्या करायची ताकद त्याच्यात नव्हती, आणि शिकलेल्या बाईने चार लोकांत सांगितलं होतं की दोष आमच्या माणसाचा आहे.

मी मामांना भेटायला धायरीला गेले तेव्हा मांडीत रॉड घातलेला होता, पाय उशीवर. मी विचारलं, "किती अंधार होता हो मामा?" तर ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "अंधार कुठला मॅडम? चांगलं उजाडलं व्हतं. सातला सुटलो न्हाई का मी. सव्वासात झाले असतील."

फेब्रुवारीच्या शेवटी पुण्यात सातच्या आधी सूर्य वर येतो. मामांची ड्यूटी सातला सुटते हे मला माहीत होतं, त्यांना गेटवर टोकायचे ती वेळही तीच. रजिस्टरवर त्यांची सही असते. मी काही म्हणजे काही विचारलं नव्हतं. स्वेटर, सायकल, अपघात, एवढे तीन शब्द कानावर आले आणि अंधार मी माझ्या मनाने भरला.

माझ्या ग्रुपमध्ये कॉलेजात शिकणारी एक मुलगी आहे. तिला पाषाण रस्त्यावर बाइकवरच्या दोघांनी त्रास दिला होता, कितीतरी अंतर शेजारून गाडी चालवत घाणेरडं बोलत राहिले. ती तक्रार द्यायला गेली तर तिथे पहिला प्रश्न आला, काय घातलं होतं. मी तिच्यासोबत होते. मी टेबलावर हात आपटून भांडले होते. कपड्यांचा प्रश्न विचारण्यामागे काय असतं, तो विचारला की चुकणाऱ्यावरची नजर चुकून कोणावर जाते, हे मला त्या दिवशी पुरतं समजलेलं होतं. आणि मामांच्या बाबतीत तोच प्रश्न मी स्वतः होऊन, कोणी विचारलेला नसताना, भर दवाखान्यात मांडला. त्या दोन प्रसंगांत फरक एवढाच की मुलगी माझ्यासारखी होती आणि मामा नव्हते. याहून कमी कडक शब्दांत मला ते लिहिता येत नाही.

मामांची मी माफी मागितली. ते म्हणाले, "तुमी काय मुद्दाम बोलला न्हाई." त्यांच्या बायकोने चहा ठेवला होता. कप पुढे करताना तिने विचारलं, "पण ताई, ह्यांनी पिवळं घातलं असतं तर तो थांबला असता का?"

तिला टोमणा मारायचा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, कारण मामा बरे झाले की पुन्हा सायकलच चालवणार होते. मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन मी वाचायला लागले ते त्या प्रश्नासाठी.

एक उत्तर डेन्मार्कमधून मिळतं. तिथल्या आल्बोर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२-१३ मध्ये ६,७९३ सायकलस्वारांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले, एका गटाला परावर्तक पट्ट्या असलेलं पिवळं जॅकेट दिलं, आणि वर्षभर दोन्ही गटांकडून अपघातांची माहिती घेतली. दुसऱ्या वाहनाशी किंवा माणसाशी धडक होऊन जखमी होण्याचे प्रसंग जॅकेटवाल्यांत ४७ टक्क्यांनी कमी भरले. जॅकेट मिळालेले लोक अपघात कळवायला कचरत असतील अशी शंका धरून हिशेब दुरुस्त केला तरी ३८ टक्के उरले. हा फरक मोठा आहे. कपड्यांनी काही होत नाही असं म्हणणाऱ्याने हे आकडे आधी नजरेखाली घालावेत. अर्थात तिथे सायकलींना वेगळे मार्ग आहेत, आणि ड्रायव्हर मंडळी बहुतेक स्वतःही सायकल चालवणारी.

दुसरं उत्तर इंग्लंडमधून. तेव्हा बाथ विद्यापीठात असलेले मानसशास्त्रज्ञ इयन वॉकर यांनी २००६ मध्ये आपल्या सायकलला अंतर मोजणारं यंत्र लावलं आणि सॅल्सबरी व ब्रिस्टलच्या रस्त्यांवर फिरून, मागून येणाऱ्या गाड्या किती अंतर ठेवून पुढे जातात याच्या दोन हजारांहून जास्त नोंदी केल्या. हेल्मेट घातलं असताना गाड्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर जास्त जवळून गेल्या. त्या काळात त्यांना एकदा बसने आणि एकदा ट्रकने धडकही दिली, दोन्ही वेळा डोक्यावर हेल्मेट होतं. मग त्यांनी लांब केसांचा टोप घातला, मागून बाई वाटावी म्हणून. तेव्हा गाड्यांनी सरासरी १४ सेंटिमीटर जास्त जागा दिली. हेल्मेटच्या निष्कर्षावर पुढे वाद झाला. ऑस्ट्रेलियातल्या दोघा संशोधकांनी २०१३ मध्ये तीच आकडेवारी पुन्हा तपासून म्हटलं की एक मीटरच्या आत येणाऱ्या धोकादायक गाड्यांपुरतं पाहिलं तर हेल्मेटने फरक पडल्याचं सिद्ध होत नाही. मी स्वतः हेल्मेट घालते आणि घालायला सांगते. पडल्यावर डोकं वाचवणं हे त्याचं काम, आणि ते ते करतं.

पण मला थांबवलं ते वॉकर यांच्या पुढच्या प्रयोगाने. त्यात सात तऱ्हांचे पोशाख वापरले गेले. साधे रोजचे कपडे होते, रेसरची लायक्रा होती, निऑन जॅकेट होतं, 'शिकाऊ' असं लिहिलेलं जॅकेट होतं, आणि एक होतं पोलिसांच्या जॅकेटासारखं दिसणारं, चित्रीकरण सुरू आहे असं सांगणारं. ५,६९० गाड्यांची अंतरं मोजली. सरासरी निघाली साधारण ११७ सेंटिमीटर, आणि पोशाख बदलला तरी ती जवळपास हललीच नाही. शिकाऊ आहे असं वाचूनही कोणी जास्त जागा दिली नाही. फक्त पोलिसी जॅकेटला पाच सेंटिमीटरच्या आसपास जास्त मिळाले. आणि कोणताही पोशाख असला तरी शंभरातल्या एक-दोन गाड्या ५० सेंटिमीटरच्या आतून गेल्या.

डॅनिश उत्तर आणि हे उत्तर एकमेकांना खोडत नाहीत, हे कळायला मला वेळ लागला. डेन्मार्कच्या अभ्यासात ज्यांचे अपघात टळले ते बहुधा वेळेवर दिसल्यामुळे टळले. चौकात वळणाऱ्याने, गल्लीतून बाहेर येणाऱ्याने बघितलं आणि ब्रेक मारला. वॉकर यांच्या रस्त्यावर मागून येणाऱ्याला सायकलवाला दिसलेला होताच. दिसल्यावर त्याने काय केलं ते त्यांनी मोजलं, आणि तिथे कापडाचं काम संपलं. दिसणं आपण विकत घेऊ शकतो, थोडंफार. समोरच्याने दिसल्यावर आपल्याला किती जागा द्यायची ते त्याच्या मनावर, त्याच्या शिक्षेच्या भीतीवर आणि रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. सिंहगड रस्त्यावर उड्डाणपुलाचं काम चालू होतं तेव्हा पत्र्यांच्या आत जो रस्ता उरला होता त्यात पिकअप आणि सायकल शेजारी मावतच नव्हत्या. तिथे कोणीही काहीही घालून जाऊ दे.

वॉकर यांच्या टोपाची गोष्ट मला अनुभवाने पटली होती. एक आठवडाभर जर्सी धुतलेली नव्हती म्हणून मी पंजाबी ड्रेसवर सायकल काढली, ओढणी कमरेला घट्ट बांधून. रिक्षा, बाइक, गाड्या सगळेच लांबून जायला लागले. हॉर्न जास्त वाजले, एक-दोघांनी "काकू, कडेने" असंही सांगितलं, पण अंतर मिळालं. पुन्हा जर्सी, हेल्मेट, गॉगल चढवला की ते अंतर कमी व्हायचं. ह्यावरून मी त्या वेळी उलटा धडा घेतला आणि ग्रुपमधल्या काहींना सांगितलं की नवख्या असाल तर ड्रेसवर या, लोक सांभाळून घेतात. दोन दिवसांनी एकीची ओढणी मागच्या चाकात गेली. ती वेळीच थांबली, गळ्याला ओरखडा आला. दुसरी कॉलेजच्या मुली बांधतात तसा तोंडाला आणि कानांना स्कार्फ बांधून आली, तिला मागून काय येतंय ते ऐकूच येईना. ड्रायव्हरच्या मनात दया यावी म्हणून स्वतःला अडचणीत घालणारा वेष मी सुचवला होता. तो सल्ला मी ग्रुपसमोर उभं राहून मागे घेतला.

आता आम्ही घोट्यांना पट्टी बांधतो, सॅकच्या पाठीवर चिकटवतो, पावसाळ्यात रेनकोटच्या वरून बांधतो. माझा निळा रेनकोट दोन पावसाळे माझं निऑन जॅकेट पोटात घेऊन फिरला होता, हेही सांगून टाकते. मागचा लाल दिवा कपड्यापेक्षा महत्त्वाचा, तो आधी, मग बाकी सगळं. डिसेंबर-जानेवारीत सव्वासहाच्या आधी निघत नाही. डंपरच्या डावीकडे जात नाही. सोसायटीच्या आणि शेजारच्या दोन सोसायट्यांच्या वॉचमन लोकांच्या सायकलींना आम्ही मागचे दिवे लावून दिले. मामांच्या दुसऱ्या ऑपरेशनला वर्गणी काढली. ती भरपाई नव्हे, भरपाई त्या पिकअपच्या मालकाकडून यायला हवी होती आणि ती येण्याच्या वाटेत माझं वाक्य पडलं. भावाला मी म्हटलं, मी लेखी देते की मला काहीच माहीत नसताना बोलले. त्याने हात जोडले. म्हणाला, आता सही झाली ताई, राहू द्या.

अजून एक राहिलं. मी गाडीही चालवते. इतकं वाचून झाल्यावर मी स्वतःकडे स्टिअरिंगमागून बघायला लागले आणि जे दिसलं ते मला आवडलं नाही. कॅरियरवर दुधाच्या किटल्या लावून डुगडुगत चाललेला माणूस पुढे असला की मी वेग कमी करते, जवळजवळ थांबते. शाळेच्या गणवेशातली मुलं असली तर त्याहून जास्त. पण जर्सी-हेल्मेटातला सायकलस्वार असला की मी त्याच लेनमधून, ब्रेकला पाय न लावता पुढे जात होते. त्याला सवय आहे, तो डगमगणार नाही, असं काहीतरी मनात न बोलता ठरलेलं. मी, जी रोज त्याच कपड्यांत रस्त्यावर असते! खड्डा त्यालाही चुकवावा लागतो, कुत्रं त्याच्याही आडवं येतं. त्याच्या कपड्यांवरून त्याचं कौशल्य मी ठरवत होते आणि त्या हिशेबाने त्याच्या वाटची जागा कापून घेत होते.

मागच्या रविवारी मुलाला घेऊन पानशेतला निघालो होतो. डोणज्याच्या पुढे तीन सायकलवाले एकामागे एक, निऑन जॅकेटं, हेल्मेट, दिवसाही मागचे दिवे चालू. समोरून एसटी येत होती. मी त्यांच्या मागे सावकाश राहिले. मागच्या गाडीने हॉर्न लावून धरला. मुलगा म्हणाला, "आई, बसेल आपली, काढ ना." मी एसटी जाऊ दिली, पलीकडच्या लेनमध्ये पूर्ण जाऊन तिघांना ओलांडलं आणि आरशात पाहिलं. मागची गाडी माझ्या मागोमाग निघाली होती, पण आपली लेन न सोडता, शेवटच्या सायकलवाल्याच्या कोपराला लागेल इतक्या जवळून.